किंग्ज सर्कलच्या फूटपाथवरून आणलेले चौदा जुने आर्ची डायजेस्ट: फुगे झाकून वाचून बघा

गेल्या महिन्यात एका रविवारी माटुंग्याला काम होतं, परत येताना किंग्ज सर्कलला माहेश्वरी उद्यानाच्या कडेने जुन्या पुस्तकांचे ढीग लावून बसतात ना, तिथे सवयीने थांबले. बारावीची गाइडं, इंजिनिअरिंगची पुस्तकं, सीएची जाडजूड बाडं आणि त्या सगळ्याच्या मागे सुतळीने बांधलेला एक गठ्ठा. वरच्या कव्हरवर लाल केसांचं ते डोकं दिसलं आणि मी तिथेच उकिडवी बसले. आर्ची या अमेरिकन शाळकरी पोराच्या विनोदी कॉमिक्सचे जुने डायजेस्ट, मोजले तर चौदा. दुकानवाला म्हणाला, "दो हजार लगेगा मॅडम, ये माल अब आता नहीं है." मी म्हटलं सगळे घेते पण चौदाशे, मग सोळाशे झालं, मग मी उठून दोन पावलं चालले, मग चौदाशेला दिले. म्हणजे शंभरला एक पडला. आज नवा डायजेस्ट घ्यायला गेलात तर यापेक्षा बरेच जास्त जातात आणि आत निम्म्या गोष्टी अशा असतात ज्या मी दुसऱ्यांदा वाचणार नाही, त्यामुळे पैशाच्या हिशोबाने सौदा उत्तमच झाला. पण चौदाच्या चौदा सारखे चांगले नाहीयेत, आणि का नाहीयेत हे मला आत्ता, इतक्या वर्षांनी आईमुळे कळलं, म्हणून एवढं लिहायला बसलेय.

आधी हे सांगते की मी या कॉमिक्सपर्यंत पोचले कशी. आम्ही भोईवाड्यात राहायचो आणि शाळा मराठी माध्यमाची. तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, म्हणजे पाचवीत ए बी सी डी. आमच्या गल्लीत एका जिन्याखाली लायब्ररी होती, पन्नास रुपये डिपॉझिट आणि कॉमिकला दिवसाचा एक रुपया. वेताळ मराठीत मिळायचा, इंद्रजाल कॉमिक्सचा, तो वाचून संपला की त्याच कपाटात खालच्या फळीवर हे आर्ची असायचे, सगळे इंग्रजीत. १९९० मधे इंद्रजाल बंद झालं आणि मग नवीन वेताळ येईनात, तेव्हा मी नाइलाजाने खालच्या फळीकडे वळले. एक अक्षर कळत नव्हतं म्हटलं तरी चालेल. पण गोष्ट कळायची! हे मला तेव्हा काही विशेष वाटलं नाही, वाटायचं की चित्रं आहेत म्हटल्यावर कळणारच. पुढे इंग्रजी आलं, फुग्यातलं, म्हणजे पात्रांचं बोलणं ज्या गोलात लिहितात त्यातलं, वाचता यायला लागलं, आणि चित्रं नीट बघायचं हळूहळू सुटलं.

आता आईचं. आईचं वय शहात्तर, शिक्षण सातवीपर्यंत, इंग्रजी स्टेशनच्या पाटीपुरतं. मी गठ्ठा घरी आणला, फडक्याने एकेक पुसून डायनिंग टेबलावर पसरले, तर तिने चष्मा लावला आणि त्यातला एक उचलून बघायला लागली. मला वाटलं पानं चाळतेय. दहा मिनिटांनी मला म्हणते, "अगं हा पोरगा घरात शिरला की या मिशीवाल्या माणसाच्या पोटात गोळाच येतो बघ." मी जाऊन बघितलं तर मिस्टर लॉजची गोष्ट होती, आर्चीची मैत्रीण व्हेरॉनिका, तिचे वडील, गावातले सगळ्यात श्रीमंत, आणि आर्ची त्यांच्या बंगल्यात आला की काहीतरी फुटतंच. आईने बोट ठेवून दाखवलं. पहिल्या चौकटीत आर्ची दारातून आत, मागे उंच स्टुलावर फुलदाणी. दुसऱ्या चौकटीत तो हात पसरून काहीतरी मोठ्या उत्साहाने सांगतोय आणि त्याचं कोपर फुलदाणीपासून वीतभर अंतरावर. तिसऱ्या चौकटीत फुलदाणी अजून जागच्या जागी आहे, पण लॉजसाहेबांनी डोळे घट्ट मिटून घेतलेत आणि खांदे वर उचललेत. आई म्हणाली, "बघ, अजून फुटलं नाहीये आणि याने आधीच डोळे मिटलेत. याला अनुभव आहे." चौथ्या चौकटीत फक्त आवाजाची मोठी अक्षरं आणि जमिनीवर तुकडे. मग मी मुद्दाम फुग्यातलं वाचलं, त्यात विनोद होता, बरा होता, पण आईने जे सांगितलं त्यात काही भर पडली नाही.

तेव्हापासून मी सगळे चौदा डायजेस्ट असेच वाचले. हाताच्या पंजाने फुगे झाकायचे, गोष्ट कळते का बघायची, मग हात काढायचा. ज्या गोष्टी हात ठेवूनही चालतात त्या खऱ्या. आणि गंमत म्हणजे त्या जवळपास सगळ्या जुन्या निघाल्या, साधारण १९५० ते १९७५ या काळातल्या, आणि पुन्हा पुन्हा त्याच दोन-तीन हातांनी काढलेल्या.

डायजेस्ट म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मूळ कॉमिक्स पातळ, पिनांची, महिन्याला एक. १९७३ पासून आर्ची छापणाऱ्या कंपनीने जुन्या गोष्टी गोळा करून लहान आकाराची जाड पुस्तकं काढायला सुरुवात केली, हे डायजेस्ट, आणि आपल्याकडे लायब्रऱ्यांमधे, रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर जास्त करून हेच दिसायचे. त्यामुळे एकाच डायजेस्टमधे चाळीस वर्षांचं कडबोळं असतं. एका पानावर आर्चीची दुसरी मैत्रीण बेट्टी, तिचा स्कर्ट घोट्यापर्यंत, पुढच्या पानावर मिनी, त्याच्या पुढच्या पानावर बेलबॉटम, आणि ती कायम सतरा वर्षांचीच. मला हे फार आवडतं, कुठलंही पान उघडा, गोष्ट पाच-सहा पानांत संपते आणि मागचं काही लक्षात ठेवावं लागत नाही.

मूळ सुरुवात डिसेंबर १९४१ ची. पेप कॉमिक्स नावाचं मासिक होतं, त्याचा बाविसावा अंक, आणि त्याचा मुख्य हिरो होता शील्ड, झेंड्याच्या रंगांचे कपडे घालणारा सुपरहिरो. आर्ची आतल्या काही पानांत. कंपनीचं नाव एमएलजे, म्हणजे मॉरिस कॉइन, लुई सिल्बरक्लाइट आणि जॉन गोल्डवॉटर या तीन भागीदारांची आद्याक्षरं. चित्रं बॉब मोंटानाची. त्या पहिल्याच गोष्टीत शेजारी राहायला आलेल्या बेट्टीपुढे आर्ची शायनिंग मारायला जातो आणि आपटतो, आर्चीचा जिवलग मित्र जगहेडही तिथूनच आहे. व्हेरॉनिका आली चार महिन्यांनी, एप्रिल १९४२ च्या अंकात, आणि मग तो त्रिकोण जो सुरू झाला तो काही सुटला नाही. वाचकांना हा साधा पोरगा इतका आवडला की १९४६ मधे कंपनीने स्वतःचंच नाव बदलून आर्ची केलं. मोंटाना स्वतः मॅसॅच्युसेट्समधल्या हेवरहिल गावच्या हायस्कूलमधे शिकलेला, तिथल्या वह्यांमधे तो मास्तरांची आणि मित्रांची चित्रं काढायचा, आर्चीच्या रिव्हरडेल गावातली शाळा बरीचशी तिथून आली. १९४६ पासून त्याने वर्तमानपत्रातली रोजची पट्टी हातात घेतली ती १९७५ मधे जाईपर्यंत. माझ्या चौदांमधे मोंटानाच्या अगदी सुरुवातीच्या मोजून तीन गोष्टी आहेत. त्यातला आर्ची दात पुढे आलेला, जरा बावळट दिसणारा आहे, आपण ओळखतो तो गोंडस आर्ची नंतरचा.

आता ज्यांच्यासाठी हे डायजेस्ट घ्यावेत ते चित्रकार. त्या काळात गोष्टींवर चित्रकाराचं नाव छापत नसत, त्यामुळे आपण लहानपणी यातल्या एकाचंही नाव ऐकलं नाही, पण हात ओळखता येतात.

पहिला हॅरी ल्युसी. १९५० च्या दशकाच्या शेवटापासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत आर्चीच्या मुख्य मासिकातलं बरंचसं काम याचं. वरची फुलदाणीची गोष्ट मला त्याचीच वाटते. त्याची माणसं पूर्ण शरीराने बोलतात. आर्ची खुश असेल तर पाय जमिनीला टेकत नाहीत, लाजला तर गुडघे आत वळतात, आणि आर्चीचा प्रतिस्पर्धी रेजी खोटं बोलत असेल तर तो खोटं बोलतोय हे त्याच्या हनुवटीवरूनच कळतं. ल्युसीच्या गोष्टीत कुणी दचकलं की नुसत्या भुवया वर करून उभं राहत नाही, पूर्ण आडवं होतं, चौकटीच्या बाहेर फक्त बूट दिसतात. आपल्याकडे जुन्या मराठी नाटकात विनोदी नट एंट्रीलाच हशा घ्यायचे ना, काही न बोलता, नुसते विंगेतून चालत येऊन, तसं. अमेरिकेतला हायमे हर्नांडेझ, जो मोठ्या माणसांसाठीच्या गंभीर कॉमिक्समधलं फार मोठं नाव आहे, तो ल्युसीला आपला गुरू मानतो, आणि ल्युसीची दहा पानं सलग बघितली की ते पटतं.

दुसरा सॅम श्वार्ट्झ, आणि हा माझा सगळ्यात लाडका. जगहेड म्हणजे श्वार्ट्झ. लांब, सडपातळ, डोळे अर्धवट मिटलेले, डोक्यावर ती कातरलेली टोपी. त्या टोपीबद्दल मला लहानपणी वाटायचं की हा मुकुट आहे, हा गंमत म्हणून राजा बनून फिरतो. खरं तर ती मोठ्या माणसांची फेल्ट हॅट, जुनी झाली की पोरं तिची कड वर दुमडून कात्रीने झिगझॅग कापायची आणि घालायची, १९३० आणि ४० च्या दशकातली तिकडची फॅशन. सगळ्यांची फॅशन गेली, जगहेडच्या डोक्यावर राहिली. श्वार्ट्झचं काम एकदम शांत असतं. ल्युसीची माणसं उडतात, श्वार्ट्झची माणसं उभी असतात आणि तरी हसू येतं, कारण समोर जगहेड काहीतरी अगदी थंडपणे सांगत असतो आणि त्याच्या मागे, लांबवर, बोटाच्या पेराएवढा दिसणारा, एरवी धिप्पाड असलेला मूज रेजीला उलटा धरून हलवत असतो आणि त्याच्याबद्दल अख्ख्या गोष्टीत कुणी एक शब्द बोलत नाही. एका डायजेस्टमधे मी एकच गोष्ट तीनदा वाचली आणि तिसऱ्यांदा मला मागच्या भिंतीवरचं फोटोफ्रेममधलं माणूस चौकटीगणिक तोंड बदलताना दिसलं. मधे १९६५ च्या सुमाराला तो टॉवर नावाच्या दुसऱ्या कंपनीत गेला, तिकडेही टीनएजर्सचंच कॉमिक सांभाळलं, आणि काही वर्षांनी परत आला. त्या मधल्या वर्षांतला जगहेड बघितला की लगेच जाणवतं, टोपी तीच पण आतला माणूस वेगळा.

तिसरा डॅन डीकार्लो, हा सगळ्यांना माहीत असतो, निदान चित्रं तरी. आज बेट्टी आणि व्हेरॉनिका म्हटल्यावर डोळ्यासमोर येतात त्या त्याच्या. त्याआधी दहा वर्षं त्याने दुसऱ्या कंपनीसाठी एका मॉडेल मुलीचं कॉमिक काढलं होतं, त्यामुळे कपडे, उभं राहण्याची ढब, मान वळवणं, यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. पण आईने पहिल्याच दिवशी विचारलं, "या दोघी बहिणी का गं? तोंड एकच आहे." आणि आहेच! एकीचे केस सोनेरी आणि पोनीटेल, दुसरीचे काळे, बाकी नाक-डोळे-ओठ सगळं सेम. मी कितीतरी वर्षं या दोघींपैकी आर्चीने कुणाला निवडावं यावर मैत्रिणींशी भांडलेय आणि हे कधी लक्षात आलं नव्हतं. मग मी आईला सांगितलं की नाही गं, मैत्रिणी आहेत, एकाच मुलाच्या मागे आहेत, तर ती म्हणाली, "मग त्याच्याकडे कुठे बघतायत, एकमेकींकडेच बघतायत." मी परत पानं उलटून बघितलं. डीकार्लोच्या बऱ्याच चौकटींत खरंच तसंच आहे, आर्ची मधे उभा, आणि दोघींची नजर त्याच्या डोक्यावरून एकमेकींवर. कोण जिंकतंय हे तपासायला. फुगे वाचले तर दोघी आर्ची आर्ची करत असतात.

डीकार्लोबद्दल एक गोष्ट मनाला लागते. जोसी नावाचं त्याचं जे पात्र, १९६३ मधे आलं, ते त्याने बायकोच्या नावावरून आणि तिच्यावरून घडवलेलं. पुढे त्याच पात्राच्या हक्कांवरून त्याचा कंपनीशी कोर्टात वाद झाला आणि २००० मधे, चार दशकांहून जास्त काम केल्यावर, कंपनीने त्याला काढलं. २००१ च्या डिसेंबरमधे तो गेला. ज्याने तुमच्या दोन हिरॉइन्सना चेहरा दिला, भले एकच असेल, त्याला असं जावं लागलं. डायजेस्ट वाचताना हे डोक्यातून जात नाही.

प्रेम आणि भांडणं याबद्दल. माझी भाची चौदा वर्षांची आहे, तिने नेटफ्लिक्सवरची आर्चीची सिरीज बघितलीय, तिला आर्ची म्हणजे खून आणि रहस्य वाटतं. तिने यातला एक वाचला आणि म्हणाली, "मावशी, यात काहीच होत नाही." मला तिचं म्हणणं कळलं. यात खरंच काही होत नाही. एकाच संध्याकाळी दोघींना वेळ दिलीय, आर्ची दोन टेबलांमधे धावतोय. मूजची मैत्रीण मिज, तिच्याशी रेजी बोलला, मूजने त्याला कोपऱ्यात गाठला. जगहेडने हॉटेलवाल्या पॉप टेटकडे उधारीवर सहा बर्गर खाल्ले. मुख्याध्यापक वेदरबींच्या डोक्यावरचा तो एक केस आज उभा राहिला. संपलं. पण आमच्या शाळेत आठवीत मुलगा मुलीशी नुसतं बोलला तरी फळ्यावर नावं लिहायचे, मधे बदाम काढून, आणि ती मुलगी आठवडाभर मान वर करायची नाही. अशा वेळी एक गाव असं की जिथे तुम्ही चुकता, तोंडावर आपटता, सगळ्यांसमोर फजिती होते आणि पुढच्या गोष्टीत सगळं पुसलेलं असतं, कुणी चिडवत नाही, कुणाच्या घरी चिठ्ठी जात नाही, हे मला केवढं मोठं वाटायचं. भाचीला मी एवढंच म्हटलं की फुगे झाकून एक वाच. तिने वाचली, आणि आर्चीच्या डोक्याच्या बाजूला जी उभ्या-आडव्या रेघांची जाळी असते त्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय, फुली-गोळा?" मी पस्तीस वर्षं ती जाळी बघतेय, केसच असणार, पण आता मलाही फुली-गोळाच दिसतो.

हे इतकं निरागस का, त्यालाही कारण आहे. १९५४ मधे अमेरिकेत कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी ओरड झाली आणि प्रकाशकांनी स्वतःहूनच नियमावली केली, कॉमिक्स कोड, जुन्या पातळ अंकांच्या कव्हरवर कोपऱ्यात तिचा शिक्का असतो. भुताखेतांची, मारामारीची कितीतरी कॉमिक्स त्यात बंद पडली. ती नियमावली राबवणाऱ्या संघटनेचे अध्यक्ष आर्चीचेच गोल्डवॉटर होते. म्हणजे स्वच्छ विनोद हा यांचा धंदाही होता. तरी माझं मत असं की ज्यांना थेट काही दाखवायची मुभा नव्हती त्यांनी सगळं भुवया, कोपरं आणि गुडघ्यांतून दाखवलं, आणि म्हणूनच ते आईपर्यंत पोचलं.

काय आवडलं नाही ते पण सांगते, कारण काही गोष्टी आज वाचवत नाहीत. बिग एथेल नावाची एक मुलगी आहे, उंच, दात पुढे, जगहेडच्या मागे लागलेली, आणि तिच्या प्रत्येक गोष्टीत विनोद एकच, की ती दिसायला चांगली नाही. मला लहानपणी हसू यायचं. आता ती पानं मी पटकन उलटते, एवढ्या हुशार चित्रकारांना यापलीकडे काही सुचू नये याचं वाईट वाटतं. मूज मारत सुटतो ते विनोद म्हणून एकदा ठीक, चौदा डायजेस्टमधे तीसदा आलं की कंटाळा. आणि गाव कितीतरी वर्षं फक्त गोऱ्या लोकांचं, चक क्लेटन हा कृष्णवर्णीय मित्र आला तो १९७१ मधे, म्हणजे सुरुवातीनंतर तीस वर्षांनी. नंतरच्या, १९८० च्या शेवटाच्या आणि ९० च्या गोष्टींचा प्रॉब्लेम वेगळा आहे. चित्रं स्वच्छ, रंग छान, पण माणसं कमरेपासून वर काढलेली, समोरासमोर उभी राहून नुसती बोलत असतात. हात ठेवला की काहीच उरत नाही. गठ्ठ्यातले चार डायजेस्ट असे निघाले, ते मी भाचीला दिले, तिला तेच जास्त आवडले, चला.

एक डायजेस्ट नसलेलं पातळ पुस्तकही त्या सुतळीत अडकून आलं होतं. बघते तर आर्ची देवाबद्दल बोलतोय! अल हार्टली नावाच्या चित्रकाराने १९७३ पासून याच पात्रांची ख्रिस्ती धर्मपर कॉमिक्स काढली होती, स्पायर या नावाखाली, त्यातलं. चित्रं तशीच, पण शेवटी बेट्टी कीर्तनकारासारखी समजावून सांगते. आईला ते सगळ्यात कमी कळलं, कारण सगळा मामला फुग्यात.

आता घेणाऱ्यांसाठी. फूटपाथवर घेताना तिथेच उघडून बघा, दुकानवाले काही म्हणत नाहीत. पहिल्या पानाच्या तळाला बारीक टायपात छापलेली ओळ असते त्यात वर्ष असतं, तेच खरं, कव्हरच्या रंगावर जाऊ नका. डायजेस्टच्या पाठीला पिना नसतात, नुसता गोंद असतो, आणि आपल्याकडच्या हवेत तो वाळून तडकतो, मग मधली सोळा-सोळा पानं सुटी होऊन हातात येतात. म्हणून मधलं पान आणि शेवटचं पान आहे ना ते बघाच. पुस्तक पूर्ण उलटं उघडून सपाट करू नका. पानं पिवळी असणारच, साधा न्यूजप्रिंट आहे तो, त्याने काही बिघडत नाही, पण कडेला बारीक नक्षीसारखी खाल्लेली पानं दिसली तर कसर आहे, ते घरी नेऊन बाकीच्या पुस्तकांजवळ ठेवू नका. मी सगळे दोन दिवस उन्हात, म्हणजे खिडकीत येतं तेवढ्या उन्हात, उभे करून ठेवले आणि मग डब्यात, औषधांच्या बाटलीतून निघणाऱ्या त्या छोट्या पुड्या घालून. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी बाहेर काढा.

ऑनलाइनचा अनुभव मात्र वाईट. मागच्या वर्षी एका विक्रेत्याने १९७२ चा ओरिजिनल म्हणून नऊशे रुपयांना अंक विकला, फोटो कव्हरचाच फक्त. आला तो बराच नंतरचा रिप्रिंट, वर जुनं कव्हर कलर झेरॉक्स करून चिकटवलेलं, गोंदाचा वास सुद्धा ताजा. परत घ्यायला तयार नाही, मेसेजला उत्तर नाही. नऊशे रुपयांपेक्षा जास्त राग याचा आला की त्या कव्हरखाली ज्याचं काम होतं त्याचाही अपमान झाला आणि ज्याचं कव्हर चोरलं त्याचाही. ऑनलाइन घेणार असाल तर आतल्या पहिल्या पानाचा, त्या बारीक ओळीचा फोटो मागा. दिला नाही तर सोडून द्या.

ज्यांना फूटपाथ झेपत नाही आणि पैसे आहेत त्यांच्यासाठी आयडीडब्ल्यू या अमेरिकन प्रकाशनाने काढलेले हार्डबाउंड संग्रह आहेत, डीकार्लोचा वेगळा, ल्युसीचा वेगळा, श्वार्ट्झचा वेगळा, नावानिशी. मी ल्युसीचा एका मित्राकडे बघितलाय. छपाई सुंदर, कागद जाड, चौकटी मोठ्या, चित्रकाराचं नाव कव्हरवर, हे बघून खरंच बरं वाटलं. पण ते टेबलावर ठेवून, हात धुऊन वाचायचं पुस्तक आहे. डायजेस्ट आडवं होऊन एका हातात धरता येतो, हार्बर लाइनला उभ्याने वाचता येतो, आणि एकानंतर एक वेगवेगळे हात समोर येतात म्हणूनच तर फरक कळतो. संग्रह घेणार असाल तर श्वार्ट्झचा आधी घ्या.

चौदांपैकी माझ्याकडे आता दहा राहिलेत. त्यातल्या अकरा नंबरवर, म्हणजे मी पाठीवर पेन्सिलने नंबर घातलेत त्यातला अकरा, कव्हर अर्धं फाटलंय, लाल पट्टीवर झोपाळ्यात जगहेड, त्यातल्या शेवटच्या गोष्टीचं शेवटचं पान नाहीये. जगहेड आणि त्याचा कुत्रा हॉट डॉग, दोघं मिळून एक मोठं सँडविच अंगणात पुरतात आणि रेजी कुंपणाआडून बघतोय, इथे पान संपतं. काम नक्की श्वार्ट्झचं आहे. आई म्हणते रेजीला ते मिळणार नाही, कारण पाचव्या चौकटीत कुत्र्याने एकदा कुंपणाकडे बघितलंय. मी म्हणते मिळेल पण आत भलतंच काहीतरी निघेल. कुणाकडे हा अंक असेल तर त्या पानाचा नुसता फोटो पाठवा. फुगे अस्पष्ट आले तरी चालतील.